बेंचवरचा पगार

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) जून २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी एक नियम आणला. वर्षातले किमान २२५ दिवस तुमचं काम ग्राहकाच्या बिलात लागलं पाहिजे आणि प्रकल्पाविना राहण्याचा, म्हणजे बेंचवरचा, काळ ३५ दिवसांच्या वर जाता कामा नये. पुढच्याच महिन्यात कंपनीने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्या कपातीची चर्चा पुण्यात घरोघरी झाली. ३५ दिवसांची तितकी झाली नाही. मला मात्र ३५ दिवसांची गोष्ट जास्त दूरवर जाणारी वाटते, कारण काम नसतानाही माणसाला पूर्ण पगारावर सांभाळायचं, ही या धंद्याची जुनी रीत आहे आणि तो आकडा त्या रीतीलाच हात घालतो.

मी या धंद्यात १९९६ साली आले. आधी बेंचवर बसले, मग बरीच वर्षं कोबोल भाषेत प्रोग्रॅम लिहिले, आणि नोकरीचा शेवटचा काळ पुण्यात रिसोर्स मॅनेजमेंट ग्रुपमध्ये, म्हणजे आरएमजीत, बेंचची यादी सांभाळण्यात गेला. बेंच मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. माझ्या कंपनीचं नाव इथे घेत नाही. मी सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने बहुतेक मोठ्या कंपन्यांत घडत होतं.

बेंच सुरुवातीपासून नव्हता. टीसीएस १९६८ची. टाटा इलेक्ट्रिकमधून आलेल्या फकीरचंद कोहलींनी ती वाढवली. १९७४ साली तिने बरोज या अमेरिकन कंपनीचा संगणक आणला आणि त्याच कंपनीसाठी प्रोग्रॅम एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याचं काम मुंबईत बसून केलं. भारतातून सॉफ्टवेअर बाहेर जाण्याची सुरुवात तिथून धरतात. त्या काळात संगणकावर जबर आयात शुल्क होतं, परकीय चलन मोजूनमापून मिळायचं आणि यंत्र ही सर्वांत महाग वस्तू होती. माणसं मूठभर. मोकळं बसायला कुणाला सवड नव्हती आणि मोकळं बसवायला कंपनीकडे पैसा नव्हता.

पुढे १९८१ मध्ये पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेल्या सात जणांनी पुण्यात इन्फोसिस काढली. भांडवल १० हजार रुपये, तेही सुधा मूर्तींनी दिलेले. नारायण मूर्ती इथे राहिले आणि बाकीचे सहकारी डेटा बेसिक्स या ग्राहकाकडे काम करायला अमेरिकेत गेले. ऐंशीच्या दशकातल्या सॉफ्टवेअर निर्यातीचा चेहरा हाच होता. प्रोग्रॅम इथून जात नसे, प्रोग्रॅमर जाई. तो ग्राहकाच्या कार्यालयात बसे, तासाच्या दराने त्याचं बिल लागे आणि काम संपलं की विमानाने परत येई. परत आल्यावर पुढचा व्हिसा होईपर्यंत त्याचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा उभा राहिला. त्याला घरी पाठवलं तर तो दुसरीकडे जाणार. म्हणून त्याला पगार देऊन बसवून ठेवायचं. बेंचची सुरुवात अशी परतीच्या विमानातून उतरलेल्या माणसांनी झाली.

१९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली, पुणे त्यातल्या अगदी पहिल्या केंद्रांपैकी एक. निर्यातीच्या नफ्यावर करमाफी मिळू लागली, उपग्रहाच्या दुव्यावरून काम पाठवता येऊ लागलं. आता ग्राहकाचा करार शुक्रवारी झाला की सोमवारी त्याला दहा माणसं तयार हवी असत. ज्या कंपनीकडे तयार माणसं, तिला काम. रुपयातल्या पगाराला डॉलरमधलं बिल मिळत असल्याने अमेरिकेत बसलेल्या एका माणसाच्या महिन्याच्या बिलात इथल्या कितीतरी नवशिक्यांचा पगार निघे. त्यामुळे मोकळी माणसं बाळगणं परवडू लागलं. नव्वदच्या दशकात बेंच हा कंपनीच्या तयारीचा भाग झाला, आणि कॅम्पसमधून शेकड्यांनी पोरं उचलणं हे त्याचंच दुसरं टोक.

त्या शेकड्यांत मी होते. पाटण तालुक्यातलं गाव, सांगलीच्या वालचंद कॉलेजातली पदवी, आणि नोकरी अंधेरीच्या सीप्झमध्ये. सीप्झ १९७३ साली निर्यातीसाठी उभारलेलं क्षेत्र. आत शिरायला पास लागे, आणि जकातीच्या दृष्टीने ते कुंपणाबाहेरच्या मुंबईपेक्षा वेगळा मुलूख असल्याने फाटकावर पिशव्या उघडून पाहत. राहायला मी लालबागला काकांच्या खोलीत. करी रोडला गाडी पकडायची, दादरला बदलायची, अंधेरीला उतरून बेस्टच्या रांगेत उभं राहायचं.

प्रशिक्षणात कोबोल, जेसीएल आणि मेनफ्रेमची ओळख झाली आणि नंतर आम्हाला सांगितलं की प्रकल्प आला की कळवू. तोवर रोज यायचं, रजिस्टरवर सही करायची. जवळजवळ सगळा पावसाळा तसा गेला. टर्मिनल कमी आणि माणसं जास्त, म्हणून भिंतीवर वेळांचा तक्ता लावलेला. ज्याची पाळी नसेल तो रॉय आणि घोष दस्तीदारांचं कोबोलचं पुस्तक घेऊन बसे, नाहीतर आयबीएमच्या मॅन्युअलची झेरॉक्स. काही हुशार मुलं एकमेकांना खोटे प्रोग्रॅम बिघडवून देत आणि चूक शोधायला लावत. मला मेनफ्रेम आली ती त्या खेळातून, वर्गातून नव्हे. हे मी ठामपणे सांगते, कारण बेंच म्हणजे फुकटचा वेळ असं बाहेरच्यांना वाटतं. या देशातल्या मोठ्या पिढीचं खरं शिक्षण त्या वेळात झालं. नव्वदच्या अखेरीस आपल्या अनेक कंपन्यांनी सॉफ्टवेअरच्या कामाचा दर्जा ठरवणाऱ्या सीएमएमची पाचवी पातळी मिळवली, त्यासाठी लागणारी कागदपत्रं, पडताळणीचे तक्ते, आतल्या तपासण्या हेही बव्हंशी बेंचवरच्या माणसांच्या हातून झालं.

माझे काका गिरणी कामगार. १९८२च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, त्यानंतर त्यांची गिरणीतली नोकरी परत मिळाली नाही. मी त्यांच्याकडे राहत होते तेव्हा ते एका सोसायटीत रखवालदार होते. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आज काय काम केलंस गं?"

"काही नाही काका. बेंचवर आहे अजून."

"म्हणजे बदलीत."

"पण पगार मिळतो."

"दिवसाचा?"

"नाही, महिन्याचा. पूर्ण."

काका थोडं थांबून म्हणाले, "मग बदली कसली? कायम आहेस तू."

त्या वेळी मी हे हसून सोडून दिलं असतं, पण काकूंनी मला बसवून बदली म्हणजे काय ते सांगितलं. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राही. कायम कामगारांपैकी कुणी गैरहजर असेल तर जॉबर, म्हणजे मुकादम, त्याला आत घेई. नाहीतर हात हलवत घरी. तीसच्या दशकात मालकांच्या संघटनेने बदली कार्डं द्यायला सुरुवात केली, पन्नासच्या सुमारास त्याची रीतसर योजना झाली, तरी कार्ड मिळालं म्हणजे रोज मिळाला असं नव्हे. काकांची उमेदीची वर्षं कार्ड खिशात घेऊन दाराशी उभं राहण्यात गेली. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी चूल काकूंच्या खानावळीवर. कायदाही बदलीच्या बाजूने नव्हता. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कलम २५-सी आलं. मालकाने काम देता येत नाही म्हणून तात्पुरतं बसवलं तर कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळावी, असं त्यात होतं. त्याच वाक्यात कंस करून लिहिलं होतं की यातून बदली आणि नैमित्तिक कामगार वगळले आहेत.

म्हणून बेंचचा इतिहास मी काकांच्या गिरणीच्या दारापासून मोजते. प्रत्येक धंद्यात दोन कामांच्या मधला रिकामा काळ येतोच. गिरणी असो, बंदर असो, सॉफ्टवेअर असो, तो टळत नाही. त्या काळाचा खर्च कुणी सोसायचा, एवढाच प्रश्न असतो. गिरणीने तो बदलीवर टाकला होता. आमच्या कंपन्यांनी तो बरीच वर्षं स्वतः सोसला, आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीला मध्यमवर्गात जी पत आली तिच्यामागे मोठा पगार जितका होता तितकाच दर महिन्याच्या अखेरीस येणारा पगार होता. बँका आम्हाला घरासाठी कर्ज देत होत्या ते याच भरवशावर.

ज्यांना हा भरवसा नव्हता तेही मी पाहिले. माझ्या वर्गातला एक मुलगा अमेरिकेतल्या एका छोट्या कंत्राटदाराकडून एच-१बी व्हिसावर गेला. न्यूजर्सीत एडिसनला एका घरात बरीच मुलं ठेवलेली. दिवसभर फोनवर मुलाखती. ज्याला ग्राहक मिळेल त्याचा पगार सुरू, बाकीच्यांना नुसतं छप्पर. वाय-टू-केच्या दिवसांत हे इतकं वाढलं की १९९८ साली अमेरिकन काँग्रेसने कायदाच केला. व्हिसावर आणलेल्या माणसाला काम नसण्याच्या काळातही ठरलेला पगार द्यावा लागेल, असं त्यात आलं. त्याच कायद्याने व्हिसांची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजारांवर नेली. इथल्या मोठ्या कंपन्यांत ज्याची रीत होती, ते तिथे कायद्याने सांगावं लागलं.

वाय-टू-केचं काम कसं होतं ते थोडक्यात. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोन आकड्यांत साठवलेलं. ९९ नंतर ०० आलं की संगणक ते १९०० समजणार. कुठे वर्ष चार आकडी करायचं, कुठे एक सीमा धरून तिच्याखालचे आकडे नव्या शतकातले आणि वरचे जुन्या शतकातले मानायचे. शिवाय २००० हे लीप वर्ष, कारण त्याला ४०० ने भाग जातो. म्हणून २९ फेब्रुवारीची वेगळी चाचणी. २०००च्या आधीच्या तीन वर्षांत बेंच जवळपास रिकामा होता. कोबोल येतं म्हटल्यावर माणूस त्याच आठवड्यात कामाला लागे. मग १ जानेवारी २००० उजाडला, काही मोठं बिघडलं नाही, आणि पुढच्या दीड वर्षात आधी हे प्रकल्प आटोपले, मग अमेरिकेतल्या डॉटकॉम कंपन्या कोसळल्या. २००१ च्या उन्हाळ्यात बेंच भरला. कॅम्पसमधून निवडलेल्या मुलांची रुजू व्हायची तारीख महिनोन् महिने पुढे गेली. कोबोलवाल्यांना जावा शिकायला बसवलं.

२००८ मध्ये लेहमन ही अमेरिकन बँक बुडाली तेव्हाही बेंच भरला. त्या मंदीतल्या एका गोष्टीची नोंद करायला हवी. इन्फोसिसने कर्मचाऱ्यांना निम्म्या पगारावर वर्षभर स्वयंसेवी संस्थेत काम करण्याचा पर्याय दिला होता. रिकाम्या काळाचा खर्च कंपनी आणि कर्मचारी यांच्यात निम्मानिम्मा वाटून घ्यायचा हा प्रयत्न होता. कलम २५-सीमधलं भरपाईचं प्रमाणही नेमकं निम्मं होतं. मला तो मार्ग सभ्य वाटतो.

तोवर मी हिंजवडीत आले होते आणि माझी बदली आरएमजीत झाली. सीप्झच्या बेंचवर रजिस्टर होतं, हिंजवडीत कार्ड. ग्राहकाचं काम जिथे चालतं त्या मजल्याला ओडीसी म्हणतात आणि त्याचं दार फक्त त्या प्रकल्पाच्या माणसांच्या कार्डाने उघडतं. प्रकल्पातून रिलीज झालं की कार्डाचा तो अधिकार संध्याकाळपर्यंत काढून घेत. काल जिथे आपली बाटली, आपला स्वेटर, मुलाचा फोटो होता त्या दारावर आज लाल दिवा. मग आतला कुणीतरी पिशवी बाहेर आणून देई. बेंचवरच्याला ठरलेली जागा नसे. ग्रंथालय, कँटीनचा कोपरा, प्रशिक्षणाची खोली, जिथे मिळेल तिथे. तरी कोथरूडहून, चिंचवडहून सकाळची बस पकडून, वाकडच्या पुलावरची गर्दी सोसून यायचं आणि कार्डावर नऊ तास भरायचे. चैत्री पौर्णिमेला हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड निघतं, त्या दिवशी रस्ते बंद म्हणून बसला उशीर व्हायचा, तेव्हाही नऊ तास भरा असा निरोप यायचा. ज्याच्याकडे काम आहे त्याला हे जाचक वाटत नाही. ज्याला काम नाही त्याला हेच काम होऊन बसतं.

बेंचच्या यादीत नाव, अनुभवाची वर्षं, कौशल्यं, शहर आणि शेवटी बेंचवरचे दिवस. दर आठवड्याला प्रकल्पांचे मॅनेजर मागणी पाठवत, आम्ही नावं सुचवत, मग आतली मुलाखत आणि कधी ग्राहकाचीही. यादी वाचता वाचता तिचा एक भाग मला ओळखीचा झाला. प्रसूतीच्या रजेवरून परतलेल्या बायका. रजेवर जाताना त्यांची जागा भरावी लागे, ते साहजिक होतं. पण परत आल्यावर त्या सरळ बेंचवर येत आणि तिथेच रेंगाळत. २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, ती सुधारणा हवीच होती, मात्र तिच्याबरोबर परतणाऱ्या बाईला जुन्या कामावर किंवा तेवढ्याच तोलाच्या कामावर घ्या असं कुणी बजावलं नाही. मॅनेजरचा पहिला प्रश्न असे, रात्रीचा कॉल घेईल का? दुसरा, पुण्याबाहेर जाईल का? सहा महिन्यांचं बाळ घरी असलेली बाई दोन्हींना नाही म्हणाली की तिच्या नावापुढचे दिवस वाढत. दिवस वाढले की वर्षअखेरच्या श्रेणीत खालची जागा. श्रेणी खाली गेली की पुढचा मॅनेजर तीच पाहून नाव नाकारी. दहा-बारा वर्षं उत्तम काम केलेल्या बायका अशा चक्रातून स्वतःच राजीनामा देऊन गेल्या आणि नोंदीत कारण राहिलं, वैयक्तिक. हे अन्यायाचं आहे आणि ते मी त्या खुर्चीत असताना बैठकीत बोलले, लेखी दिलं. काहींना काम मिळालं. नियम बदलला नाही.

पुढचं सर्वांना माहीत आहे. कोविडनंतर मागणी उसळली, टीसीएसने २०२१-२२ मध्ये लाख नवपदवीधर घेतले, इन्फोसिसमध्ये प्रशिक्षणार्थी सोडून कामात गुंतलेल्यांचं प्रमाण ८८ टक्क्यांच्या वर गेलं. मग मागणी उतरली. इन्फोसिसने २०२२ साली निवडलेली काही मुलं दोन वर्षं वाट पाहून मैसूरच्या प्रशिक्षण केंद्रात रुजू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आतल्या परीक्षांत नापास म्हणून तिथल्या ३०० हून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवलं. नवशिक्याचा वार्षिक पगार दशकाहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपासच अडकला आहे, तरीही त्याला बसवून ठेवणं कंपन्यांना जड वाटू लागलं. याचं कारण पैशाची टंचाई नाही. करार झाल्यावर माणूस लगेच हवा असेल तर तो बाजारातून उचलता येतो, हा विश्वास कंपन्यांत आला आहे. शिकवून तयार ठेवण्याची गरज कमी झाली असं त्यांना वाटतं. मला हे चुकीचं वाटतं. ज्या मुलीला बेंचवर सहा आठवडे शांतपणे शिकता आलं ती पुढची वीस वर्षं काम करते. ३५ दिवसांचं घड्याळ लावलेली मुलगी शिकत नाही, मिळेल ते काम धरते.

तेव्हा दोन विनंत्या. जे आता या धंद्यात शिरत आहेत त्यांनी नेमणूकपत्रावर सही करण्याआधी विचारावं, प्रकल्प नसेल तेव्हा पगार किती दिवस आणि किती, दुसऱ्या शहरात जायला नकार दिला तर काय, मोठ्या रजेवरून परतल्यावर काम कुठलं. उत्तर लेखी मागावं. आणि जे या धंद्यात म्हातारे झाले त्यांनी जुनी कागदं जपावीत. गिरणगावच्या लोकांच्या आठवणी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी शंभर माणसांकडून मिळवून २००४ साली पुस्तकात आणल्या, म्हणून बदलीचं जगणं आज वाचायला मिळतं. आमच्या धंद्यातल्या बेंचवरच्या माणसांचं असं काही झालेलं माझ्या पाहण्यात नाही. बाँड, पगारचिठ्ठ्या, बेंचवर पाठवल्याची पत्रं, प्रशिक्षणाच्या वह्या रद्दीत घालू नका. तारखा घालून, जागा लिहून, मराठीत आपली आठवण दोन पानं तरी लिहून ठेवा.